विद्यार्थ्यांचं चित्रप्रदर्शन पाहायला जाताना काय पाहावं, काय बोलावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शेजारची मुलगी कोल्हापुरात चित्रकला शिकते, शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या वर्गातल्या काही मुलामुलींनी मिळून दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात प्रदर्शन मांडलंय आणि तिने तुम्हाला आग्रहाने बोलावलंय. गेल्या वर्षी तिच्या कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनाला गेलात, दहा मिनिटांत फेरी आटोपली, "छान आहे" म्हणालात आणि तिचा चेहरा उतरला. यंदा दहा वर्षांच्या मुलालाही बरोबर न्यायचंय. "मला चित्रातलं काही कळत नाही. तिथे नेमकं पाहायचं काय, तिच्याशी बोलायचं काय, आणि एखादं चित्र विकत घ्यावं का?" असं तुम्ही विचारलंय.

मी कला महाविद्यालयात शिकवते. दरवर्षी मुलांबरोबर चित्रं निवडणं, माऊंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) कापणं, चित्रं टांगणं आणि नंतर दिवसभर दालनात बसून येणाऱ्या माणसांकडे पाहणं हे माझ्या कामातच येतं. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, सांभाळून घ्या.

तुमची अडचण चित्र न कळण्याची आहे असं मला वाटत नाही. नावाजलेल्या चित्रकाराच्या प्रदर्शनाला ज्या तयारीने जायचं, त्याच तयारीने तुम्ही मुलांच्या प्रदर्शनाला गेलात, अडचण तिथे झाली. जाणत्या चित्रकाराने आपलं म्हणणं पक्कं करून भिंतीवर ठेवलेलं असतं. विद्यार्थ्याचं चित्र बहुतेक वेळा एखाद्या प्रश्नाचं उत्तर असतं. प्रश्न कधी शिक्षकाने घातलेला, कधी मुलाने स्वतःलाच घातलेला. प्रश्न माहीत नसताना नुसती उत्तरं पाहत गेलं तर माणूस दहा मिनिटांत बाहेर येणारच. तुम्ही मैफल ऐकायला गेलात आणि समोर रियाज चालला होता, असं म्हणा हवं तर. रियाजही मन लावून ऐकण्यासारखाच असतो, फक्त गाणारा कोणत्या जागेवर अडून बसलाय ते ऐकायचं असतं. म्हणून माझं सांगणं एवढंच की प्रत्येक चित्रासमोर एक गोष्ट शोधा: या मुलाने इथे कोणता प्रश्न सोडवायला घेतला होता?

अर्थात प्रदर्शन कोणत्या प्रकारचं आहे यावर बरंच अवलंबून असतं. कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनात वर्षभराच्या वर्गकामातून वेचलेली चित्रं वर्षवार लावतात. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासूनचं. तिथल्या वार्षिक प्रदर्शनात शिकण्याच्या जागाच प्रदर्शनाच्या जागा होतात आणि बाहेरची माणसंही ते पाहायला जातात. अशा ठिकाणी पहिल्या वर्षाच्या खोलीपासून शेवटच्या वर्षाच्या खोलीपर्यंत चालत गेलं की मुलं कुठून कुठे पोचतात ते पायी पायी कळतं. राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागाची गोष्ट वेगळी. तिथे ठिकठिकाणच्या महाविद्यालयांतून आलेल्या कामांतून परीक्षक निवड करतात. वेगवेगळ्या गावांतली मुलं काय करतायत याची तुलना तिथे छान होते, पण एका मुलाचा प्रवास दिसत नाही. तुमच्या शेजारणीचं प्रदर्शन तिसऱ्या प्रकारचं आहे. मुलांनी आपसांत वर्गणी काढून दालन भाड्याने घेतलं, चौकटी करून घेतल्या, चित्रं स्वतः निवडली. गेल्या वर्षी तुम्ही पाहिलं ते तिचं वर्गकाम होतं. यंदा भिंतीवर काय लावायचं हे तिने ठरवलंय. एवढ्या एका फरकाने तिच्या दृष्टीने हे प्रदर्शन फार मोठं झालंय, आणि आग्रह त्यासाठीच आहे.

जायचं कधी, हेही महत्त्वाचं. उद्घाटनाच्या संध्याकाळी भाषणं असतात, खुर्च्या मांडलेल्या असतात, माणसं चित्रांकडे पाठ करून गप्पा मारत उभी असतात. हजेरी लावायला तो दिवस चांगला, चित्रं पाहायला नाही. जमलं तर मधल्या वारी सकाळी किंवा दुपारी जा. दालनात थांबायच्या मुलांनी पाळ्या लावून घेतलेल्या असतात, तेव्हा तिची पाळी कधी आहे ते फोन करून विचारून घ्या. जलरंगाच्या चित्रांवर काच असते आणि समोर उभं राहिलं की चित्राऐवजी दिव्याची नळी आणि आपलाच चेहरा दिसतो. एक पाऊल बाजूला सरका. तैलरंगाच्या मोठ्या कॅनव्हाससमोर आधी चार-पाच पावलं मागे राहून पाहा आणि मग जवळ जा. लांबून जो नुसता डोळा वाटतो, तो जवळून तीन फटकारे असतो. हा बदल कुठल्या अंतरावर होतो हे पुढे-मागे होऊन शोधण्यात मोठी मजा आहे.

पहिली फेरी कुठेही न थांबता मारा. थांबायचं नाही, लेबल वाचायचं नाही. फक्त कुठल्या चित्राकडे मान आपोआप वळली ते लक्षात ठेवा. दुसऱ्या फेरीत त्या दोन-तीन चित्रांपाशी जा आणि तिथेच वेळ घालवा. सगळ्या चित्रांना सारखा वेळ द्यायचं बंधन कुणी घातलेलं नाही. लेबलवर नाव, माध्यम आणि आकार असतो. माध्यम जरूर वाचा, कारण त्यावरून मुलापुढे काय अडचण होती याचा अर्धा अंदाज येतो. चारकोलमध्ये, म्हणजे कोळशाच्या कांडीने काढताना, चूक पुसता येते, तैलरंगात वरून झाकता येते, जलरंगात दोन्ही जवळपास नाही.

आता वर्गकामाच्या चित्रांचं सांगते. मुलांनी स्वतः निवडलेल्या प्रदर्शनातही ती थोडीफार असतातच. टेबलावर पितळेचा तांब्या, काचेची बाटली, दोन फळं आणि मागे चुण्या पडलेला कपडा: असं स्थिरचित्र तुम्ही पाहिलं असेल आणि "हे काय, सगळेच काढतात" म्हणून पुढे गेला असाल. तिथे थांबा आणि तांब्याच्या तोंडाची लंबगोल कड पाहा. मग बुडाची कड पाहा. आपण वरून पाहत असतो, आणि बूड डोळ्याच्या पातळीपासून अधिक खाली असतं, म्हणून त्याचा लंबगोल तोंडापेक्षा जास्त उघडा, जास्त गोलसर दिसायला हवा. तांब्या सपाट पृष्ठभागावर ठेवलाय हे माहीत असल्यामुळे बूड सरळ रेषेने काढायचा मोह होतो आणि पहिल्या वर्षाची कितीतरी मुलं तसंच काढतात. जे आहे असं माहीत असतं ते बाजूला ठेवून जे दिसतं ते काढणं, हा त्या तांब्यातला खरा प्रश्न. मग सावली पाहा. वस्तू जिथे टेबलाला टेकते तिथे सावली सगळ्यात गडद असते. तेवढी बारीक गडद रेघ चुकली की तांब्या हवेत तरंगायला लागतो. आणि तांब्याच्या सावलीतल्या बाजूला, अगदी कडेला, शेजारच्या कपड्याचा रंग उमटलेला दिसतो का पाहा. तो दिसला तर मुलगा तिथे बराच वेळ खराखुरा पाहत बसला होता असं समजा.

शाळेत एलिमेंटरी किंवा इंटरमीजिएटला बसला असाल तर वस्तुचित्र आणि स्मरणचित्र तुम्हीही केलेलं आहे. म्हणजे तुम्ही म्हणता तितके कोरे नाही आहात.

माझ्या मते कुठल्याही विद्यार्थी प्रदर्शनातला सगळ्यात शिकवणारा कोपरा म्हणजे एकाच मॉडेलवरून केलेल्या चित्रांचा. एकच म्हातारे गृहस्थ, तोच फेटा, तीच खुर्ची, आणि भिंतीवर त्यांची सात-आठ चित्रं. लोक म्हणतात, "अरे, सगळी सारखीच!" आणि नेमके तिथूनच पुढे निघून जातात. पण वर्गात काय घडतं ते सांगते. मॉडेल मधोमध बसतं, मुलं भोवती अर्धवर्तुळात इझल, म्हणजे चित्र टेकवायच्या घोड्या, लावतात. ज्याला समोरची जागा मिळाली त्याला दोन्ही डोळे, नाक पुढे आलेलं, हात मांडीवर आखडून दिसणारे: सगळ्यात अवघड. ज्याला बाजूची जागा मिळाली त्याला नाकाची ठसठशीत कड मिळते, पण चेहऱ्याची अर्धी बाजू गमावावी लागते. खिडकीकडे तोंड करून बसलेल्याला मॉडेलच्या मागून उजेड येतो, म्हणून त्याच्या चित्रात चेहरा काळोखात आणि फेट्याची कड झगझगीत. एकच माणूस, एकच उजेड, आणि प्रत्येकापुढे वेगळा प्रश्न. ही चित्रं एकत्र पाहताना कोण कुठे बसलं होतं ते शोधून काढा. तुमच्या मुलाला तर हे फारच आवडेल.

मग प्रत्येकाने कशावर जोर दिला ते पाहा. एकाने कपाळावरच्या आठ्यांत सगळा जीव ओतलाय आणि फेटा दोन फटकाऱ्यांत उरकलाय. दुसरीने फेट्याचा पीळन्‌पीळ काढलाय, पण चेहरा मेणाचा झालाय. तिसऱ्याने चेहरा लहान काढून खुर्चीभोवतीची रिकामी जागा मोठी ठेवलीय आणि त्यामुळे तो माणूस एकटा वाटतो. हे मुद्दाम झालं की होऊन गेलं, हे त्याला विचारायला हरकत नाही. हात जरूर पाहा. हात काढणं चेहऱ्याइतकंच कठीण आहे. काही मुलं हात शालीखाली घालवतात, काही चौकटीबाहेर ठेवतात. जिने दोन्ही हात धीराने काढलेत, बोटं थोडी जाड झाली तरी सोडले नाहीत, तिच्या चित्रासमोर मी स्वतः जास्त वेळ थांबते. मॉडेलही माणूसच असतं. थोड्या थोड्या वेळाने विश्रांती घेतं, आणि परत बसलं की खांदा आधीच्या जागी येत नाही. एखाद्या चित्रात डोकं आणि खांदा एकमेकांचे वाटले नाहीत तर त्यामागे बरेचदा ही विश्रांती असते.

कोल्हापुरात असल्यामुळे निसर्गचित्रांबद्दल जरा जास्त बोलते, कारण ती इथली जुनी खोड आहे आणि चांगली खोड आहे. जे. जे.मध्ये शिकून आलेल्या आबालाल रहिमान यांनी परत येऊन रंकाळा, कोटितीर्थ असा हाच परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. ते १९३१ साली गेले, पण अजूनही आमची मुलं कागद आणि पाण्याची बाटली घेऊन पहाटे पंचगंगेच्या घाटावर जाऊन बसतात. दुसरीकडे इथलेच चित्रकार आणि चित्रपट दिग्दर्शक बाबुराव पेंटर कुठल्याही कला महाविद्यालयात न जाता हाताने काम करत करत घडले. शिकून आलेले आणि काम करत घडलेले, दोन्ही धागे या गावात आहेत. त्यामुळे इथल्या प्रदर्शनात घाट, दीपमाळ, रंकाळा, जोतिबाची वाट ही चित्रं येणारच. "तेच तेच विषय" म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नका. विषय तोच असल्यामुळेच कुणी काय केलं हे उघड दिसतं.

जलरंगात पाहायची पहिली गोष्ट म्हणजे पांढरं. पारदर्शक पद्धतीने काम करताना पांढरा रंग लावत नाहीत, तिथला कागदच कोरा सोडतात. म्हणजे घाटाच्या पायरीवर पडलेलं ऊन, पाण्यावरची चमक, धुणं धुणाऱ्या बाईच्या पाठीवरचा उजेड, हे सगळं आधीच ठरवून ठेवावं लागतं आणि त्याभोवतीने रंगवत यावं लागतं. एकदा तिथे रंग गेला की तो कोरेपणा परत मिळत नाही. जवळ जाऊन पाहा, चमक कागदाची आहे की वरून पांढरा रंग लावून आणलीय. वरून लावणं हा काही गुन्हा नाही, पुष्कळ चांगले चित्रकार ते करतात, पण दोन्हींची तकाकी वेगळी असते आणि एकदा फरक दिसला की नेहमी दिसतो. दुसरी गोष्ट सावल्यांची. बाहेर बसून केलेल्या चित्रात ऊन सतत सरकत असतं. सात वाजता लांब पडलेली सावली नऊ वाजता आखूड होते. जाणता विद्यार्थी सुरुवातीलाच सावल्या एका फटक्यात ठरवून टाकतो आणि पुढे ऊन कुठेही गेलं तरी बदलत नाही. नवखा मुलगा ऊन सरकेल तसा सरकत जातो, आणि चित्रात देवळाची सावली एकीकडे, झाडाची दुसरीकडे पडते. तिसरी गोष्ट कडांची. आभाळ ओल्यावर ओलं केलंय म्हणून ढगांच्या कडा विरघळल्यात, आणि घाटाचे दगड रंग वाळल्यावर केलेत म्हणून त्यांची कड धारदार आहे. कागद किती ओला असताना ब्रश टेकवायचा हा अंदाज वर्षानुवर्षं बसून येतो. मोठ्या कागदावर, म्हणजे पूर्ण इम्पिरिअल, बावीस बाय तीस इंच, कुणी असं आभाळ एका दमात केलं असेल तर त्या मुलाने हिंमत केलीय हे नक्की.

इथवर आपण ओळखू येणाऱ्या गोष्टींच्या चित्रांविषयी बोललो: तांब्यात बघणं आणि माहीत असणं यातला झगडा, मॉडेलमध्ये बसायची जागा, निसर्गचित्रात उजेड आणि वेळ. शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या प्रदर्शनात याखेरीज अशीही चित्रं असणार की ज्यांत काय आहे तेच कळत नाही. तुमच्या शेजारणीची तशी असण्याची शक्यता भरपूर आहे.

तिथे "हे काय आहे?" हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. नजर पहिल्यांदा कुठे पडली, तिथून कुठे गेली आणि कुठे अडकली, एवढं पाहा. मग हात लांब करून चित्राचा एक भाग तळव्याआड करा, समजा कोपऱ्यातला लाल तुकडा. त्याच्याविना चित्र कोसळलं तर तो लाल तिथे काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तो नुसताच बसला होता. मी वर्गात मुलांना हेच करायला लावते. पृष्ठभाग तिरकस बाजूने पाहा: खालच्या थरातला रंग वरून डोकावतो का, खरवडलाय का, रंग पातळ आहे की जाड. अमूर्त चित्रांसाठी ओळखले जाणारे चित्रकार वासुदेव गायतोंडे १९४८ साली जे. जे.मधून बाहेर पडले. पुढे त्यांनी रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग लावायच्या पातळ सुरीने) रंगाचे थर चढवत, काढत जी चित्रं केली ती आज जगभर पाहिली जातात. पण त्यांच्या सुरुवातीच्या कामात मानवाकृती आहेत. आकृतीपासून तिथवर यायला त्यांना वर्षं लागली. आमच्याकडे पुष्कळ मुलं मधली वर्षं वगळून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात आणि मग चित्र नुसतं छान रंगसंगतीचं होतं. हे तुम्हालाही ओळखता येईल. त्याच मुलाची रेखाटनं शेजारी असतील तर ती पाहा. रेखाटनात जी ओढ दिसते ती मोठ्या कॅनव्हासमध्येही कुठे तरी दिसत असेल तर काम खरं आहे.

अनुकरणाबद्दल माझं मत जरा स्पष्ट आहे. विसाव्या-एकविसाव्या वर्षी कुणाची तरी छाप असणं स्वाभाविक आहे, त्यावरून मुलांना नावं ठेवू नयेत. मात्र अख्ख्या वर्गाची चित्रं एकाच शिक्षकाच्या हातची वाटत असतील तर तो दोष शिक्षकाचा, मुलांचा नव्हे. अशा भिंतीवर जे एक चित्र वेगळं, थोडं ओबडधोबड दिसतं, ते मी आधी पाहते.

आता बोलायचं काय. "छान आहे" ऐकून तिचा चेहरा का उतरला असेल, ते मला दिवसभर दालनात बसून कळलंय. तो शब्द प्रत्येक जण दारातून बाहेर पडता पडता म्हणतो. मुलांना कौतुकाची भूक असते हे खरं, पण त्याहून मोठी भूक कुणीतरी पाहिलं याची असते. म्हणून तुम्हाला जे दिसलं तेच तिला सांगा. "त्या भांड्याखालची सावली तू निळी ठेवलीस, का गं?" "या चित्रासमोर मी जास्त वेळ थांबले, कारण ती खिडकी उघडी आहे की बंद हे मला ठरवता येईना." एवढं पुरे. ती पुढे बोलत सुटेल आणि तुम्हाला फक्त ऐकायचं काम राहील. सुरुवात कुठून केली, मध्ये काय बदललं, कोणतं चित्र सगळ्यात जास्त छळत होतं, हे विचारा. माझा आवडता प्रश्न म्हणजे "कुठलं चित्र लावायचं होतं आणि शेवटी लावलं नाहीस?" निवडताना जे चित्र मागे राहिलं त्याबद्दल बोलताना मुलं सगळ्यात मोकळी होतात.

एखादं चित्र पटलं नाही तर काय? खोटं बोलू नका. न पटलेल्या चित्राबद्दल आपणहून बोलायची गरज नसते. तिने विचारलंच तर निकाल न देता, पाहताना काय झालं ते सांगा: "माझी नजर सारखी डावीकडच्या कोपऱ्याकडे जात होती, बाईच्या चेहऱ्यावर टिकेना." ही माहिती तिला उपयोगी पडते. "हात बिघडलाय" हे तिला कुणी सांगायची गरज नाही, तिला ते भिंतीवर लावायच्या आधीपासून माहीत असतं. आणि "पुढे यात नोकरी काय मिळणार?" हा प्रश्न कृपा करून तिथे नको. तो घरी, तिच्या आईवडिलांसमोर, रोज विचारला जातोच.

दाराशी अभिप्रायाची वही असेल. तीत चित्राचं नाव किंवा जागा आणि मुलाचं नाव घालून दोन ओळी लिहा. प्रदर्शन संपल्यावर मुलं ती वही एकत्र बसून वाचतात. पन्नास "अप्रतिम"मध्ये "आत शिरल्यावर उजवीकडच्या दुसऱ्या चित्रातलं ओलं अंगण लक्षात राहिलं" अशी एक ओळ सापडली की ती कुणाची, हे सगळा वर्ग ओळखतो.

मुलाला जरूर न्या. निघण्यापूर्वी एक गोष्ट समजावून सांगा: हात लावायचा नाही, आणि का नाही तेही. चारकोल आणि पेस्टल बोटाला लागून पुसतात, आणि तैलरंग वरून वाळलेला दिसला तरी आतून पुरता वाळायला कित्येक महिने लागतात. मग एक छोटी वही आणि पेन्सिल द्या. सगळं दालन दाखवायच्या भानगडीत पडू नका. आवडलेलं एक चित्र त्याला निवडू द्या आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसून वहीत काढू द्या. बरोबर आलं की नाही ते पाहायचं नाही. काढताना त्याला ज्या गोष्टी दिसतील त्या उभ्याने पाहून तुम्हालाही दिसणार नाहीत. ज्याचं चित्र आहे तो विद्यार्थी जवळपास असेल तर तो हमखास येऊन मुलाच्या शेजारी बसतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, आणि कुठे टाकलात तर चित्रकाराचं नाव लिहा.

राहिला विकत घेण्याचा प्रश्न. केवळ शेजारधर्म म्हणून घेऊ नका. तिला ते कळतं आणि चित्र माळ्यावर जाऊन पडतं. पण ज्या चित्राकडे तुम्ही दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वळलात ते परवडत असेल तर बेलाशक घ्या. किंमत थेट विचारा, त्यात संकोच नको. पाळीवर बसलेल्या मुलाकडे बहुधा यादी असते. लेबलशेजारी लाल टिकली दिसली तर ते चित्र विकलं गेलंय असं समजा. भाव पाडून मागू नका. विद्यार्थ्याने लावलेल्या किमतीत कागद, रंग आणि चौकट यांचाच वाटा मोठा असतो. बजेट कमी असेल तर तसं सांगा आणि छोटं जलरंग किंवा रेखाटन आहे का विचारा. भिंतीवर न लावलेली कामं फोल्डरमध्ये ठेवलेली असतात. लाकडी ठशाची किंवा एचिंगची (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेली) छापचित्रं असतील तर ती एकाहून अधिक प्रतींत निघतात, म्हणून सहसा स्वस्त पडतात. खाली पेन्सिलीने ३/१० असं लिहिलेलं असेल तर दहा प्रतींतली ती तिसरी. काही कामांवर अजून गुण पडायचे असतात, ती परीक्षा होईपर्यंत मिळणार नाहीत, हे आधी विचारून घ्या.

घरी नेल्यावर जलरंगाचं चित्र थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका, रंग उडतात. पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवरही नको, आपल्याकडच्या हवेत कागदाला बुरशी धरायला वेळ लागत नाही. काच आणि कागद यांच्यामध्ये माऊंट असू द्या. कागद काचेला टेकला तर ओल धरतो आणि चिकटतो. तैलचित्र चौकटीविना गुंडाळून न्यावं लागलं तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाड नळीवर सैल गुंडाळा. आत ठेवली तर रंगाला सुरकुत्या पडून तडे जातात. चित्राच्या मागे तिच्याकडून नाव, साल आणि माध्यम लिहून घ्या.

आणि एक. पैसे दिले तरी चित्र त्याच दिवशी मागू नका. विकलेलं चित्रही प्रदर्शन संपेपर्यंत भिंतीवरच राहतं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी चित्रं उतरवायला लागतात तेव्हा जा, जमलं तर मुलालाही न्या. बाकीची चित्रं उतरवून गुंडाळायला त्या वेळी चार हात जास्तीचे लागतातच.